सायकलींची रांग

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. पुढे तेथील रस्ते मोटारींनी व स्कूटरींनी व्यापले. तरीही सुटीच्या दिवशी पहाटे खडकवासल्याच्या वाटेवर सायकलस्वारांचा एखादा तांडा अजून दृष्टीस पडतो. कोणी शेजारी शेजारी, गप्पा मारीत, सारा रस्ता अडवून चालतात. कोणी डावी बाजू धरून एकामागून एक जातात. नुसत्या चालीवरूनच तांड्याची पारख होते.

एकटा स्वार आपल्या डोळ्यांनी रस्ता पाहतो. रांगेतल्या स्वाराला मात्र बहुधा पुढच्याची पाठच दिसते. वाटेतला खड्डा वा पसरलेली खडी त्याला दिसेपर्यंत चाक तिच्यावर गेलेले असते. म्हणून पुढचा स्वार हात खाली करून खड्डा दाखवितो. तो इशारा एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटच्यापर्यंत पोचतो. मधल्या एकाने आळस केला, तर मागच्या सर्वांची वाट आंधळी होते.

ताशी १५ किलोमीटर वेगाने धावणारी सायकल एका सेकंदात चार मीटरांहून अधिक अंतर कापते. चाकाला चाक भिडवून जाणाऱ्याला ब्रेक दाबण्याइतकीही उसंत मिळत नाही. दोन सायकलींमधील मोकळी जागा वाया गेलेली नसते. तीच त्यांची ढाल असते. शिवाय थांबावयाचे झाल्यास आधी हाताने सुचवावे, एकदम थबकू नये.

चौकात तर अधिकच सावध राहावे. पहिला स्वार पलीकडे गेला, तेव्हा रस्ता मोकळा होता. म्हणून पाचव्यालाही तो मोकळाच असेल, असे नाही. पुढच्यांना गाठण्याच्या घाईत मागचा पोर मोटारीसमोर येतो. म्हणून ज्याने त्याने दोन्हीकडे पाहावे आणि पलीकडे गेलेल्यांनी बाजूला थांबून मागच्यांची वाट पाहावी. मग घाई करण्याचे कारणच उरत नाही.

सिंहगडाचा चढ लागला, की धट्टेकट्टे पुढे निघतात आणि लहानगा मागे पडतो. जाणता तांडा अशा वेळी आपला वेग त्या लहानग्याच्या पायांवरून ठरवितो. एक अनुभवी स्वार हवा भरण्याचा पंप घेऊन अखेरपर्यंत सर्वांच्या मागे राहतो. त्याला पहिला येण्याचा मान कधीच मिळत नाही. पण त्याच्यामुळे कोणी वाटेत एकटा पडत नाही.

पहिला पोचला म्हणजे तांडा पोचला, असे होत नाही. शेवटचा सुखरूप पोचला, म्हणजेच तांडा पोचतो.