चार दिवसांची पेस्ट

प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि त्यावर बसणारा हीटसिंक, दोन्हींवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिथे डोंगरदऱ्या दिसतात. एकावर एक ठेवले की काही शिखरं तेवढी टेकतात आणि दऱ्यांमध्ये हवा अडकते. हवेतून उष्णता फार संथ जाते. गोधडीत ऊब राहते ती तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळेच. प्रोसेसरला गोधडी पांघरून चालत नाही, म्हणून मध्ये थर्मल पेस्ट लावायची.

किती फरक पडतो याचा हिशोब कागदावर करता येतो. उष्णता वाहून नेण्याची क्षमता एकाच मापात मांडली तर तांबं सुमारे ४००, ॲल्युमिनियम सुमारे २३५, साधी पेस्ट ४ च्या आसपास, पाणी ०.६ आणि हवा ०.०२६. आता समजा, तीन सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या झाकणावर ५० मायक्रॉनचा, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा, हवेचा सलग थर आहे आणि प्रोसेसर ६५ वॉट उष्णता बाहेर टाकतोय. त्या थराच्या दोन बाजूंच्या तापमानात जवळपास १४० अंशांचा फरक पडेल. प्रत्यक्षात धातू काही ठिकाणी टेकलेला असल्याने इतका पडत नाही. तेवढ्याच जाडीची पेस्ट असेल तर फरक एका अंशाच्या आसपास. आणि नुसतं पाणी असेल तर? सहा अंश.

हा सहाचा आकडा मला फार बोलका वाटतो. स्वयंपाकघरातल्या आणि मोरीतल्या वस्तू पेस्टऐवजी लावून पाहण्याचा उद्योग जगभरचे हौशी लोक करत आलेत. टूथपेस्ट, मेयोनीज, अगदी कुस्करलेलं केळंही. आणि पहिल्या तासाचे आकडे पाहून थक्क होतात, कारण अस्सल पेस्टच्या तुलनेत ते थोडेच वाईट असतात. यात चमत्कार काही नाही. या सगळ्यांत पाणी आहे, आणि पाणी हवेपेक्षा वीसपट बरं. दरीतून हवा हाकलली की निम्म्याहून जास्त काम झालं.

उरलेलं काम टिकण्याचं. तिथे आपल्या घरातले एकेक उमेदवार गळत जातात. तूप अंगाच्या उबेनेही पातळ होतं, ते साठ अंशांवर कडेने ओघळून मदरबोर्डवर उतरणार. व्हॅसलिनची तीच गत. तंबाखूबरोबर मळायचा चुना दिसायला हुबेहूब पांढऱ्या पेस्टसारखा, पण तो ॲल्युमिनियमला खातो. चपात्या गुंडाळायची चकाकती फॉइल धातूची असली तरी तिच्या सुरकुत्यांत पुन्हा हवाच, आणि एखादा तुकडा निसटला तर शॉर्टसर्किट. बाळाच्या रॅशवर लावायच्या मलमात झिंक ऑक्साइड असतं. बाजारातल्या स्वस्त पांढऱ्या थर्मल पेस्टमध्येही पुष्कळदा तेच असतं. पण तिथे ते सिलिकॉन तेलात कालवलेलं असतं आणि ते तेल या तापमानाला उडून जात नाही. खरी किंमत त्या न उडणाऱ्या तेलाची.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही एप्रिल २०२० मध्ये मी एका प्रोसेसरला टूथपेस्ट लावली. समोरच्या घरातल्या बाई शाळेत गणित शिकवतात. नववीतून दहावीत गेलेल्या मुलांचे सुट्टीतले जादा तास त्यांनी स्क्रीनवर सुरू केले होते. त्यांचा जुना संगणक दोन कोअरचा. व्हिडिओ आणि फळ्याचा प्रोग्रॅम एकदम चालवला की गोठायचा. माझ्या खणात एका मोडीत काढलेल्या यंत्राचा चार कोअरचा प्रोसेसर पडून होता, त्याच सॉकेटचा. त्यांच्या मदरबोर्डला तो चालतो हे मी तपासून घेतलं. फक्त पेस्ट नव्हती. पुण्यातली तपकीर गल्ली बंद, आणि ऑनलाइन फक्त जीवनावश्यक वस्तू मिळत होत्या. थर्मल पेस्ट जीवनावश्यक नव्हती. टूथपेस्ट होती.

बाईंनी कॅबिनेट जिन्यात आणून ठेवलं. मी जुनी वाळकी पेस्ट स्पिरिटने पुसली, हीटसिंक स्वच्छ केला आणि घरातली साधी पांढरी टूथपेस्ट घेतली. जेल नाही, मीठवाली तर नाहीच. तिच्यात बारीक चुनखडीची पूड असते आणि ती ओली ठेवायला पाणी, ग्लिसरीनसारखे पदार्थ. मटारएवढा गोळा मधोमध, वर हीटसिंक, चारही कोपरे सारखे दाबून. जुना प्रोसेसर ६५ वॉटचा होता, हा ९५ चा. म्हणजे ओझं दीडपट आणि हमाल कच्चा.

“बाई, हे चार दिवसांचं काम आहे,” मी म्हणालो. “पाचव्या दिवशी उघडून पुन्हा लावायचं.” तापमान दाखवणारा छोटा प्रोग्रॅम त्यांना टाकून दिला आणि कॅबिनेटवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली.

बाई गणिताच्या. रोज तास संपला की त्यांनी वहीत आकडा टिपायला सुरुवात केली. ५८. ५९. ६३. ७०. पाचव्या दिवशी सकाळी मी दार वाजवलं तर त्यांचा कॉलेजातला मुलगा म्हणाला, “दादा, मस्त चाललंय की! चालू गाडी कशाला खोलता?”

बाईंनी वही त्याच्यापुढे धरली. “पुढचा आकडा सांग.”

तो गप्प बसला. आम्ही उघडलं. मधला थर वाळून पांढरा पापुद्रा झाला होता, उन्हाळ्यात तळ्याच्या तळाला पडतात तशा भेगा त्याला पडलेल्या. पाणी गेलं होतं, त्याच्या जागी हवा आली होती. पूड तेवढी उरली. पुसलं, नवा गोळा, नवी चिकटपट्टी. असं दर चार दिवसांनी, मे संपता संपता कुरिअरने खरी पेस्ट येईपर्यंत.

वही परत करताना माझी नजर समोरच्या पानावर गेली. तिथेही रोजची तारीख आणि रोजचा एक आकडा. ४१. ३८. ३३. ३०. मी विचारलं, “हे काय?”

“हजेरी,” बाई म्हणाल्या. “घरात एकच फोन असतो रे. बाप तो घेऊन कामावर गेला की मूल गेलं वर्गातून. पहिल्या दिवशी सगळे टिच्चून हजर होते, तेव्हा मलाही वाटलं, जमलं.”

त्या पानावर चिकटपट्टी मारता येण्यासारखी नव्हती. पण बाईंनी त्यांच्या परीने तेच केलं. दर चौथ्या दिवशी तास बंद ठेवायचा आणि गळालेल्या मुलांना एकेक करून फोन लावायचा, बाप घरी असेल अशा वेळी. ज्यांना फोनच नाही त्यांच्यासाठी गणितं हाताने लिहून वाण्याकडे ठेवायची. दूध न्यायला येणारं मूल ती घेऊन जाई. आकडा पुन्हा ४१ वर गेला नाही. ३० च्या खालीही फारसा घसरला नाही.

त्या दिवसांत आपण सगळेच कशाच्या तरी बदली कशावर तरी दिवस काढत होतो. रुमालाचा मास्क, खिडकीतला वाढदिवस, पडद्यावरचं दहाव्याचं कर्म. पहिल्या दिवशी यातलं पुष्कळ काही छान चाललं. “चालतंय की” हे तर आपलं राष्ट्रीय प्रमाणपत्र. तात्पुरतं काही बसवलं की त्यावरची तारीख आपण लिहीत नाही, आणि मग पत्र्याच्या शेडमधली शाळा वीस वर्षं शेडमध्येच भरते. घरगुती उपायांची चेष्टा करावी असं मला वाटत नाही. अडल्या वेळी टूथपेस्टने तिचं काम चोख केलं. ती वाळणार हे तिच्या रचनेतच होतं. लक्ष ठेवायचं काम आमचं होतं.

अजूनही अधूनमधून कुणीतरी विचारतं, पेस्ट संपलीय, घरातलं काय चालेल? मी पदार्थाचं नाव नंतर सांगतो. आधी विचारतो, पुन्हा कधी उघडणार आहेस?