ट्यूबच्या कारखान्याचा संघ

लिथुआनिया नकाशात नेमका कुठे, असे कुणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना दोन मिनिटे विचार करावा लागेल. बाल्टिक समुद्राच्या काठी, वर लाटविया, उजवीकडे बेलारूस, खाली पोलंड आणि कोपऱ्यात रशियाचा एक तुटलेला तुकडा. साऱ्या देशाची वस्ती तीस लाखांच्या आत. २०११ च्या जनगणनेत एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सत्तेचाळीस लाखांवर होती, यावरून काय तो अंदाज करावा.

माझा भाचा राजधानी विल्नियसमध्ये शिकतो. हुबळीचा मुलगा, आजीशी कन्नड, आईशी मराठी आणि फुटबॉलविषयी बोलायचे तर दोन्ही भाषा सोडून इंग्रजी. २०२४ च्या सप्टेंबरात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा जुनी चर्चेस, तळ्यातला किल्ला असे माझे बेत तयार होते. ते झालेही. पण एका शनिवारी तो म्हणाला, "मामा, किल्ले काय आपल्याकडेही आहेत. आज तुम्हाला एका मेलेल्या क्लबाचं गाव दाखवतो." हे ऐकल्यावर नाही म्हणणे शक्यच नव्हते.

गावाचे नाव पानेवेझिस. विल्नियसपासून उत्तरेला साधारण १३५ किलोमीटर. रस्ता सरळसोट, जमीन तव्यासारखी सपाट. कापणी झालेली शेते, गवताचे गुंडाळून ठेवलेले भारे, खांबांवर करकोच्यांची रिकामी घरटी. पक्षी केव्हाच दक्षिणेला गेलेले. नेवेझिस नावाची एक शांत नदी आहे, तिच्या काठचे म्हणून पानेवेझिस. १५०३ सालच्या एका राजपत्रात गावाचा पहिला उल्लेख येतो. आज नव्वद हजारांच्या आसपास वस्तीचे, देशातले पाचव्या क्रमांकाचे शहर. नाट्यवेड्यांना युओझास मिल्तिनिस यांच्या रंगभूमीमुळे ते माहीत असते. तारकोव्हस्कीच्या १९७२ च्या 'सोलारिस' चित्रपटाचा नायक दोनातास बानिओनिस हा याच नाट्यगृहाचा नट. १९९० च्या दशकात मात्र गावाचे नाव टोळ्यांच्या मारामाऱ्यांमुळे वर्तमानपत्रांत येई. लोक त्याला थट्टेने 'नेवेझिसकाठचे शिकागो' म्हणत.

आम्ही गेलो ते यांपैकी कशासाठीच नाही. आम्हाला 'एक्रानास' बघायचे होते.

एक्रानास म्हणजे पडदा. टीव्हीचा, सिनेमाचा, कसलाही. मूळ शब्द फ्रेंच, त्याला लिथुआनियन भाषेने आपले 'आस' हे शेपूट जोडले. ही या भाषेची खोडच आहे. फुटबॉलचे 'फुतबोलास', स्टेडियमचे 'स्तादिओनास', बसचे 'औतोबुसास'. माणसांनाही सुटका नाही. जॉर्ज बुश तिथल्या पेपरात 'जॉर्जास बुशास' होऊन छापला जाई. भाचा म्हणाला, "मामा, आमची अज्जी नाही का बस्सु, कारु, लाइटु म्हणत!" अगदी खरे. परक्या शब्दाला आपल्या घरचा उकार लावल्याशिवाय कन्नड त्याला उंबऱ्याच्या आत घेत नाही, तसेच हे. गंमत अशी की लिथुआनियनचे नाते कन्नडशी नाही, ते संस्कृतशी. देवाला ते 'दिएवास' म्हणतात, मुलाला 'सूनुस', अग्नीला 'उग्निस', धुराला 'दूमास'. 'आस'मधला तो शेवटचा 'स' म्हणजे आपल्या 'देवः'मधल्या विसर्गाचाच भाऊ. युरोपातल्या जिवंत भाषांत इतका जुना ठेवा राखणारी दुसरी भाषा क्वचितच असेल. असो, मास्तरकीची सवय. मूळ विषयाकडे येतो.

एक्रानास हा कारखाना होता. लिथुआनिया सोव्हिएत संघात असताना १९६० च्या दशकात तो इथे उभा राहिला आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूब बनवू लागला. चाळिशीच्या पुढच्या वाचकांना ट्यूब म्हणजे काय ते सांगायला नको. आपल्या घरातल्या टीव्हीचे पोट मागे फुगलेले असे ते तिच्यामुळेच. जाड काचेचे ते भांडे, आत हवा अजिबात नाही, मागच्या निमुळत्या टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी नळी आणि पुढच्या काचेला आतून चकाकणाऱ्या रसायनाचा लेप. क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून काचेत शिसे मिसळलेले, त्यामुळे वजन हे असे. मेकॅनिक मान हलवत "ट्यूब गेली" म्हणाला की घरात सुतक पडल्यासारखे होई, कारण ट्यूब गेली म्हणजे टीव्हीच गेला.

सोव्हिएत काळात कारखाना म्हणजे नुसती नोकरी नव्हे. राहायला घर, पोरांना पाळणाघर, सुट्टीला विश्रामगृह, आणि रविवारी बघायला संघ, हे सारे कारखान्याकडून. मॉस्कोत मोटार कारखान्याचा संघ 'टॉर्पेडो', रेल्वेवाल्यांचा 'लोकोमोटिव्ह'. पानेवेझिसला १९६४ मध्ये फुटबॉल संघ निघाला आणि कारखान्याचेच नाव त्याला लागले. आपल्याकडेही हे नवे नाही. गोव्यातले धेंपो, साळगावकर हे क्लब खाणमालक घराण्यांच्या नावाचे, फगवाड्याची जेसीटी कापड गिरणीची, मुंबईचा महिंद्र युनायटेड मोटारवाल्यांचा. मालकाचे मन किंवा धंदा फिरला की त्यांचे काय होते तेही आपण पाहिले आहे. महिंद्र २०१० मध्ये मिटला, जेसीटी २०११ मध्ये.

लिथुआनियात फुटबॉल हा तसा सावत्र खेळ. खरे प्रेम बास्केटबॉलवर. गमतीने त्याला तिथला दुसरा धर्म म्हणतात. १९३७ आणि १९३९ असे लागोपाठ दोनदा, मग २००३ मध्ये, हा चिमुकला देश बास्केटबॉलमध्ये युरोपचा विजेता झाला. पानेवेझिसमध्येही २००८ मध्ये मोठे थोरले बंदिस्त क्रीडागृह झाले ते सायकल शर्यती आणि बास्केटबॉलसाठी. २०११ च्या युरोपियन स्पर्धेत यजमान लिथुआनियाचे गटातले सामने तिथेच झाले. फुटबॉलच्या वाट्याला येतात ते उघड्यावरचे बाक आणि कित्येकदा शेकड्यांत मोजता येतील इतके प्रेक्षक. हिवाळा असा की लीग वसंतात सुरू करून शरदात आटपावी लागते.

अशा ठिकाणी या ट्यूबवाल्यांच्या संघाने १९८५ मध्ये लिथुआनिया सोव्हिएत प्रजासत्ताकाचे विजेतेपद मिळवले. मार्च १९९० मध्ये देशाने स्वातंत्र्य जाहीर केले, तिथले संघ सोव्हिएत स्पर्धांतून बाहेर पडले, आणि १९९३ मध्ये एक्रानास स्वतंत्र देशाचा विजेता झाला. सोव्हिएत बाजारपेठ मोडली तेव्हा अनेक कारखाने कोसळले; ट्यूबचा कारखाना मात्र तगला. युरोपातल्या टीव्ही कंपन्यांना ट्यूब विकू लागला. पुढची काही वर्षे देशाचे फुटबॉल कौनास शहरातल्या एका धनाढ्य बँकमालकाच्या संघाने व्यापले होते. त्या ओळीत २००५ मध्ये खंड पाडला तो एक्रानासनेच.

आणि दुसऱ्याच वर्षी, २००६ मध्ये, कारखान्याचे दिवाळे निघाले.

कारण तुम्हाआम्हाला माहीत आहे. आपण साऱ्यांनी मिळून ते घडवले आहे. भिंतीला टांगायचे चपटे टीव्ही स्वस्त झाले आणि फुगीर पोटाचा टीव्ही भंगारात गेला. कारखाना वाईट चालवला म्हणून बुडाला असे सरळ म्हणता येत नाही. तो जी वस्तू करत होता तीच जगाला नकोशी झाली. हजारो माणसांच्या हातातले कौशल्य एकदम बिनकामाचे ठरले. ज्या घरात आम्ही मुक्कामाला होतो तिथले यजमान, सत्तरीचे गृहस्थ, काचेच्या विभागात होते. भट्टीपुढच्या उकाड्याविषयी बोलताना त्यांचा चेहरा उजळत होता. बाहेर उणे वीस आणि आत सदरा घामाने भिजलेला, हे त्यांनी दोनदा सांगितले. कारखाना बंद झाल्यावर गावातली तरुण पोरे आयर्लंड-इंग्लंडला गेली. २००४ मध्ये देश युरोपीय संघात आल्यापासून वाट मोकळी होतीच. १९८९ च्या सुमारास सव्वा लाखाच्या घरात असलेले गाव आज इतके आक्रसले त्यात याचाही वाटा आहे.

आता खरी नवलाची गोष्ट. कारखाना गेला, पण त्याच्या नावाचा संघ गेला नाही. उलट कारखान्याच्या मरणानंतर त्याने २००८, २००९, २०१०, २०११ आणि २०१२ असे सलग पाच वेळा देशाचे विजेतेपद पटकावले. प्रशिक्षक होते वाल्दास उर्बोनास. कौनासचा संघ २००९ मध्ये लीगमधून बाहेर पडल्याने मैदान थोडे मोकळे झाले हे खरे, पण पाच वर्षे अव्वल राहणे म्हणजे काही नशिबाची गोष्ट नव्हे. बंद कारखान्याचे नाव छातीवर घेऊन ही पोरे चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेऱ्या खेळली. २०१० मध्ये फिनलंडच्या एचजेके हेलसिंकीला घरी १–० ने हरवले आणि हेलसिंकीत जादा वेळेत ०–२ ने हरून बाहेर पडले. २०१२ मध्ये आयर्लंडच्या शॅमरॉक रोव्हर्सला बाहेर काढले. पुढे बेल्जियमचा अँडरलेख्त भेटला. दोन सामने मिळून ०–११. या आकड्यावर आमचे यजमान मुळीच ओशाळले नाहीत. अँडरलेख्तसारखा संघ आपल्या गावाच्या नावाने चिठ्ठीत निघाला, हेच त्यांना पुरे होते.

पण विजेतेपदाने पोट भरत नाही. अशा लहान लीगमध्ये तिकिटाचा पैसा नगण्य. क्लब चालतो तो नगरपालिका, दोन-चार स्थानिक प्रायोजक आणि युरोपियन स्पर्धेतून मिळणारी रक्कम यांवर. एखाद्या वर्षी युरोपची वाट हुकली की सारे गणित कोसळते. २०१३ पासून विल्नियसचा जाल्गिरिस वरचढ झाला, एक्रानास घसरत गेला, आणि २०१५ च्या सुरुवातीला पैशाअभावी क्लब बंद पडला. शेवटचे विजेतेपद २०१२ चे, म्हणजे राजा ते रंक हा प्रवास जेमतेम दोन-अडीच वर्षांचा.

त्याच २०१५ मध्ये गावात नवा क्लब निघाला. या वेळी कारखान्याचे नाव नाही, प्रायोजकाचे नाही, सरळ 'पानेवेझिस'. खालच्या पायरीवरून चढत तो २०१९ मध्ये वरच्या लीगमध्ये आला, २०२० मध्ये राष्ट्रीय चषक जिंकला आणि २०२३ मध्ये देशाचा विजेता झाला. गावाला अकरा वर्षांनी विजेतेपद मिळाले. एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण २०२० मध्ये काही जणांनी 'एक्रानास'ही पुन्हा उभा केला, खालच्या श्रेणीत. नव्वद हजारांच्या गावात आता दोन दावे आहेत. एकाकडे विजेतेपद आहे, दुसऱ्याकडे नाव.

नावांच्या बाबतीत या गावाला एक फार जुनी जखमही आहे. यिद्दिश भाषेत हे गाव 'पोनेवेझ'. महायुद्धापूर्वी इथे मोठी ज्यू वस्ती होती आणि तिची धर्मपाठशाळा दूरवर गाजलेली होती. १९४१ च्या उन्हाळ्यात नाझींनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी ही वस्ती जवळजवळ पुरती मारून टाकली. पाठशाळेचे प्रमुख त्या वेळी परदेशात असल्याने वाचले. त्यांनी १९४४ मध्ये आजच्या इस्रायलमधल्या ब्नेई ब्राकला तीच पाठशाळा त्याच नावाने पुन्हा सुरू केली. आज ज्यू जगात 'पोनेवेझ' म्हटले की लोकांना ती टेकडीवरची इमारत आठवते, नेवेझिस नदी नव्हे. फुटबॉलच्या गोष्टीशेजारी हे मांडणे काहींना खटकेल. पण गावातून फिरताना ते वगळून पुढे जाणे मला जमले नाही.

संध्याकाळी आम्ही मैदानावर गेलो. दहा-बारा वर्षांची पोरे सराव करत होती, कठड्याला टेकून आया गप्पा मारत होत्या. भाच्याने आपल्या मोडक्या लिथुआनियनमध्ये एका पोराला 'एक्रानास' म्हणजे काय असे विचारले. त्याने खिशातून मोबाइल काढला आणि त्याच्या काचेवर बोट ठेवले. कारखान्याचे नावही त्याने घेतले नाही. घेईल कशाला? तो बंद झाला तेव्हा हा जन्मलाही नव्हता.

रात्री जेवणाच्या टेबलावर बीट घातलेले गुलाबी गार सूप, उकडलेले बटाटे आणि बाप-लेकाचा वाद असा बेत होता. विषय त्याच जुलैतला. चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या पात्रता फेरीत पानेवेझिसची गाठ पडली ती पुन्हा एचजेके हेलसिंकीशीच. घरी ३–० ने जिंकले, हेलसिंकीत १–१. पुढे पोलंडच्या यागिएलोनियाने सहज हरवले, नंतरच्या स्पर्धांतही डाळ शिजली नाही, पण ते राहू द्या. वडिलांचे म्हणणे असे की २०१० चा हिशेब चुकता झाला. तीच नदी, तेच गाव, तोच शत्रू. चाळिशीचा मुलगा मान्य करायला तयार नव्हता. तो म्हणे, २०१० ला हरला तो एक्रानास, २०२४ ला जिंकला तो दुसराच क्लब; एकाचे कर्ज दुसऱ्याने फेडले म्हणून खाते कसे बंद होईल? शिवाय तो स्वतः आता पुन्हा निघालेल्या एक्रानासच्या बाजूचा, आणि कारखान्यात उभी हयात घालवलेले वडील मात्र नव्या क्लबाच्या. हे उलटे कसे, असे भाच्याने विचारले तर म्हातारबा म्हणाले की मला कारखाना ठाऊक आहे, त्यामुळे तो गेला हेही मला ठाऊक आहे. मुलाने ते भाषांतर करून सांगितले आणि लगेच त्याला विरोधही केला. सकाळी आम्ही बससाठी निघालो तेव्हा दोघे फाटकात उभे राहून तोच मुद्दा पुढे चालवत होते.