शाईची निवड

लेखणीची थोरवी गाणारे ग्रंथकार सर्व भाषांत विपुल आहेत. कागदाचाही कोणी कोठें गौरव केल्याचें आढळतें. शाईच्या वांट्याला मात्र बहुधा उपेक्षाच आलेली आहे. तिची आठवण व्हावयाची ती सदऱ्यावर डाग पडला म्हणजे! वास्तविक पाहतां बोरू मोडला तर दुसरा तासतां येतो, कागद फाटला तर चिकटवितां येतो. परंतु शाई उडाली कीं लिहिणाऱ्याचें सारेंच उडालें. हल्लीं बोरू आणि रुंद टोंकाचे टाक घेऊन सुलेखन करण्याची हौस तरुण मंडळींत पुन्हां दिसूं लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण दुकानांत शिरल्यावर पुष्कळजण शाईची बाटली पसंत करतात ती केवळ रंग पाहून. सोयरीक जमवितांना नुसता वर्ण पाहावा, आणि स्वभावाची चौकशी करूं नये, त्यांतलाच हा प्रकार आहे.

हा विषय आम्हांस सुचण्याचें कारण घरगुती आहे. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या आमच्या वडिलांनीं तिच्या तोंडून ऐकून एका वहींत उतरून घेतल्या होत्या. ओव्या दोनशेंच्या वर होत्या, आणि त्या दुसरीकडे कोठेंही लिहिलेल्या नव्हत्या. वही अर्धी होतांच घरांतली निळी-काळी शाई संपली, म्हणून पुढचा भाग वडिलांनीं साध्या निळ्या शाईनें लिहिला. या फरकाकडे लक्ष देण्याचें त्या वेळीं कोणासही कारण नव्हतें. पुढें १९६१ सालीं जुलैच्या १२ तारखेस पानशेतचें धरण फुटलें, पुण्याच्या नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, आणि आमच्या खालच्या मजल्यावरील पेटीबरोबर ती वहीही भिजली. वाळल्यावर उघडून पाहिली, तों पूर्वार्धांतील अक्षरें चिखलाच्या डागांतूनही वाचतां येत होतीं. उत्तरार्धाचीं पानें मात्र नुसतीं निळसर झालीं होतीं, आणि त्यांवर एकही ओवी उरली नव्हती. आजी त्यापूर्वींच निवर्तली होती. आईला व आत्याला आठवल्या तेवढ्या ओव्या पुन्हां जुळविल्या. बाकीच्या गेल्या त्या गेल्या.

आतां ती वही इतकी जीर्ण झाली आहे कीं तिची नवी प्रत करणें भाग आहे. आमची नात बोरूनें सुरेख लिहिते. तिनें हें काम आपण होऊन अंगावर घेतलें, आणि पहिल्याच दिवशीं विचारलें, "आजोबा, शाई कोणती घेऊं?" प्रश्न लहान होता, पण त्याचें उत्तर त्या भिजलेल्या वहीनें आधींच अर्धें लिहून ठेवलें होतें.

साधी निळी शाई म्हणजे पाण्यांत विरघळलेला रंग. फाउंटनपेनच्या बारीक वाटेनें ती न अडखळतां वाहते, हा तिचा मोठा गुण. परंतु जो रंग पाण्याबरोबर आला, तो पाणी भेटतांच पुन्हां त्याच्या मागें चालूं लागतो. उन्हाशींही त्याचें जमत नाहीं. निळ्या-काळ्या शाईची जुनी घडण निराळी आहे. हिरडा किंवा मायफळ यांत असतो तसला तुरट अर्क आणि हिराकस यांच्या संयोगानें ती बनते. लिहितांना ती फिकी असते, म्हणून डोळ्यांस दिसावी एवढ्यापुरता तींत निळा रंग घालतात. पुढें हवेच्या योगानें लोहाचा अंश कागदाच्या तंतूंतच काळा पडतो, आणि मग तो पाण्यास दाद देत नाहीं. आमच्या वडिलांची अर्धी वही पुरांतून वांचविली ती या हिराकसानें. पण त्याचा उपकारही फुकट नसतो. ही शाई आम्ल असते. ती पोलादी टाक गंजविते, आणि हिराकसाचें प्रमाण अधिक झालें तर कांहीं पिढ्यांनंतर कागदालाच खाऊं लागते. युरोपांतील जुन्या ग्रंथसंग्रहांत अक्षरांच्या जागीं छिद्रें पडलेलीं पानें आहेत. शिवाय हल्लीं बाटलीवर 'निळी-काळी' असें छापलेलें असलें तरी पुष्कळदां तें केवळ रंगाचें नांव असतें, आंतल्या द्रव्याचें नव्हे.

तिसरी शाई सर्वांत पुरातन, ती काजळीची. तेलाच्या दिव्यावर भांडें पालथें धरून काजळी जमवावी, आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत ती खलावी, एवढीच तिची कृति; पण सारी मेहनत त्या खलण्यांत आहे. काजळी पाण्याशीं सहजासहजीं मैत्री करीत नाहीं. ती वर तरंगत राहते. डिंक कमी पडला तर वाळलेलें अक्षर बोटाला लागतें; जास्त झाला तर तें चकाकतें, आणि पापुद्रा धरून सुटूं लागतें. मात्र हें प्रमाण साधलें म्हणजे या शाईसारखी टिकाऊ शाई नाहीं. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील जुने मोडी कागद ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस दोनशें वर्षांपूर्वींचीं काळीभोर अक्षरें पाहून विस्मय वाटल्यावांचून राहिला नसेल. काजळी ही मुळांतच अग्नीच्या हातून सुटून आलेली. तिला ऊन्ह आणखी काय जाळणार? तिचा वैरी पाणी, कारण डिंक पाण्यांत विरघळतो. म्हणून बाजारांतील कांहीं काळ्या शायांत डिंकाऐवजीं लाख घालतात. तसली शाई एकदां वाळली कीं पाण्याला भीत नाहीं. ती फाउंटनपेनांत भरणें मात्र पेनाचा गळा आवळण्यासारखें आहे.

बोरूला असा गळाच नसतो, म्हणून त्याला ही जाड शाई सोसते. किंबहुना तीच हवी असते. पातळ निळी शाई बोरूवर घ्यावी, तर पहिल्या अक्षरावर थेंब सांडतो आणि चौथ्या अक्षराला लेखणी कोरडी पडते. कागदाचाही विचार याच वेळीं केला पाहिजे. खळ देऊन घोटलेल्या हातकागदावर अक्षराची कड धारेसारखी उमटते; बिनखळीच्या कागदावर तीच शाई चोहोंकडे फुटते. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिल्या समासांत लेखनक्रियेचें निरूपण केलें आहे. तेथें बोरू कसे आणावे हें तर सांगितलें आहेच. पण तरुणपणीं हौसेनें केलेलें बारीक अक्षर म्हातारपणीं उपयोगी पडत नाहीं, असाही इशारा दिला आहे. त्याची सत्यता आम्हांस आतां चष्मा पुसतांना रोज पटते.

तरीही आमच्या शब्दावर विसंबून न राहतां तूंच परीक्षा घे, असें आम्हीं नातीस सांगितलें. ज्या कागदावर प्रत करावयाची, त्याच कागदाच्या पट्ट्यांवर तिनें निळी, डिंकाची काळी व लाखेची काळी अशा तीन शायांनीं एकच ओवी लिहिली. एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याखालीं झांकून उन्हाच्या खिडकींत महिनाभर ठेवली. दुसरीवर एक दिवसानें पाण्याचे थेंब सोडले. तिसरी वाळल्यावर बोटानें घासून व घडी घालून पाहिली. उन्हानें निळी फिकी पडली. दोन्ही काळ्या शाया जशाच्या तशा राहिल्या. पाण्यानें निळी वाहून गेली, डिंकाची माखली, आणि लाखेची जागची हलली नाहीं. घासण्यांत दोन्ही काळ्या उतरल्या. पण लिहिण्याचें सुख विचाराल, तर तें डिंकाच्या शाईंत अधिक होतें; तिचें वळण मऊ, उतार सुंदर. लाखेची शाई बोरूच्या टोंकावर घट्ट होते, आणि दर दोन ओळींनीं तो धुवावा लागतो.

आमच्या मनांत पुराची आठवण होती, तरी हात तिचा होता; म्हणून निर्णय तिच्यावरच सोपविला. तिनें दोन्ही पट्ट्या पुष्कळ वेळ न्याहाळल्या आणि म्हणाली, "अक्षर थोडें उणें आलें तरी चालेल, आजोबा, ओवी राहिली पाहिजे."

प्रत्येक लेखनास असा चिरंजीवपणा द्यावा, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. वाण्याची यादी आणि रागाच्या भरांत लिहिलेलीं पत्रें यांस निळी शाईच योग्य. तीं लवकर पुसलीं जाण्यांतच कुटुंबाचें कल्याण आहे. १९६२ च्या निवडणुकीपासून मतदारांच्या बोटाला लावण्यांत येणारी म्हैसूरची शाई धुवून जात नाहीं, पण तिलाही नख वाढेपर्यंतच टिकावयाचें असतें. तेवढ्यानें तिचें काम होतें. शाई किती टिकावी हें अखेर वाचणारा कोण यावरून ठरतें. ज्याला आज सायंकाळीं वाचावयाचें आहे त्याची शाई निराळी, आणि जो अजून जन्मास यावयाचा आहे त्याची निराळी.

प्रत आतां पुरी होत आली आहे. हरवलेल्या ओव्यांच्या जागीं काय करावें, असें नातीनें विचारलें, तेव्हां तितकीं पानें कोरीं ठेवण्यास आम्हीं सांगितलें. आजीच्या माहेरच्या गांवीं एखाद्या वृद्धेस अजून एखादी ओवी आठवत असेल, आणि ती कळली तर तिला बसावयास जागा हवी. शेवटच्या कोऱ्या पानाच्या तळाशीं नातीनें आपण होऊन एक ओळ लिहिली आहे: ही वही कोणत्या शाईनें लिहिली तें त्या ओळींत नमूद आहे. पुढें लिहिणाऱ्यानें तीच घ्यावी.