कृष्णाकाठाहून वेळासला

आम्हां सातारकरांस कृष्णामाई घरचीच. तिचे उगमस्थान पाहून, तेथून सावित्रीच्या वाटेने समुद्रापर्यंत उतरावे, असे आम्ही बरेच दिवस योजीत होतो; तो योग यंदाच्या फाल्गुनात आला. महाबळेश्वरास या दोघी भगिनी एकाच देवालयात प्रकट होतात. पुढे कृष्णा वाई, सांगली करीत पूर्वसमुद्रास मिळते आणि सावित्री पोलादपूर, महाडावरून बाणकोटापाशी पश्चिमसमुद्रास. बाणकोटानजीकचे वेळास हे नाना फडणविसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. नानांचा जन्म साताऱ्याचा (१७४२) व वाडा मेणवलीचा. तेव्हा हे गाव आम्हांस परके वाटले नाही.

परंतु येथे दुसऱ्याच एका घराण्याचा कुलवृत्तान्त आमच्या कानी आला. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवी हिवाळ्यात रात्री या पुळणीवर येऊन वाळूत शंभरएक अंडी घालतात. पूर्वी लोक ती उकरून नेत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांस हाताशी धरून ती कुंपणात जतन केली. तळहातावर मावतील एवढी पिल्ले आमच्यादेखत लाटेत दिसेनाशी झाली.

मनुष्याचे गोत्र पित्याकडून चालते. कासवांचे मातेकडून शोधतात. पेशीतील तंतुकणिका नामक सूक्ष्म घटकातला डीएनए केवळ आईकडून येतो; म्हणून कातडीच्या लहानशा तुकड्यावरून मातृवंश ओळखता येतो. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, भारताच्या पूर्वकिनाऱ्यावरील कासवांचा वंश श्रीलंकेतील कासवांहूनही निराळा असून या जातीच्या वंशवृक्षात तो मुळाशी आहे.

मग वेळासची कासवे कोणत्या कुळातली? २०२१ साली ओडिशात पायास पट्टी लावलेली एक मादी २०२५ साली गुहागरास अंडी घालताना आढळली. कृष्णा-सावित्रीप्रमाणे दोन समुद्रांचे मूळ एकच की काय, असे क्षणभर वाटले. तथापि एका पाहुणीवरून सोयरीक ठरत नाही. दोन्ही किनाऱ्यांचे मातृवंश ताडून पाहिले पाहिजेत.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. मादी बहुधा आपल्या जन्मभूमीच्या परिसरातच अंडी घालण्यास परतते. वंश निराळा असेल, तर इकडची हानी ओडिशाच्या लाखो कासवांनीही भरून निघणार नाही. म्हणून निर्णय होईपर्यंत प्रत्येक पुळण राखावी, हेच शहाणपण. कूळ बुडाल्यावर कुलवृत्तान्त लिहून काय उपयोग?