सत्तरीनंतरची साडेपाच मिनिटं

२८ सप्टेंबर २००३, रविवार. त्या सकाळी बर्लिनच्या रस्त्यांवर केनियाच्या पॉल टर्गटने २ तास ४ मिनिटं ५५ सेकंदांत मॅरेथॉन संपवली आणि जागतिक विक्रम केला. त्याच दिवशी अटलांटिकच्या पलीकडे, टोरांटोत, काटकुळ्या अंगाचे आणि पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ तेच ४२ किलोमीटर १९५ मीटर पळाले. वय ७२, वेळ २ तास ५९ मिनिटं १० सेकंद. त्यांच्यानंतर अडीच तासांहून अधिक वेळ गेला आणि त्याच शर्यतीची अंतिम रेषा आणखी एका आजोबांनी ओलांडली. डोक्याला पगडी, छातीवर रुळणारी दाढी. वय ९२, वेळ ५ तास ४० मिनिटं.

जगाने तो दिवस टर्गटच्या नावाने लक्षात ठेवला, आणि ते योग्यच झालं. पण उतारवयात पळणाऱ्यांनी तो दिवस टोरांटोच्या नावाने जपून ठेवावा.

पांढऱ्या केसांचे गृहस्थ म्हणजे एड व्हिटलॉक. जन्म लंडनचा, १९३१ चा. विद्यार्थिदशेत इंग्लंडमध्ये ते चांगले पळत. पुढे खाण अभियंता होऊन कॅनडात गेले आणि संसार-नोकरीच्या धबडग्यात पळणं सुटलं. कितीतरी जणांचं सुटतं तसंच. चाळिशीत त्यांनी ते पुन्हा धरलं. १९७९ साली, ४८ व्या वर्षी, त्यांनी मॅरेथॉन २ तास ३१ मिनिटांत मारली. इथवरची गोष्ट हुशार धावपटूची आहे, पण अद्भुत नाही. अद्भुत भाग सत्तरीनंतर सुरू होतो.

सत्तरी ओलांडलेल्या कुणीही तोवर तीन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी केली नव्हती. २००१ मध्ये, सत्तर वर्षांच्या व्हिटलॉकांनी प्रयत्न केला आणि अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळाने ते चुकले. बेचाळीस किलोमीटर पळून काही सेकंदांनी हुकणं ही काय जखम असते, ते पळणाऱ्यालाच कळेल. त्यात गुडघ्याचं दुखणं. दोन वर्षांनी टोरांटोत ती तीन तासांची भिंत पडली. आणि त्यानंतरच्या वर्षी, ७३ व्या वर्षी, त्याच शहरात त्यांनी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंद अशी वेळ दिली.

हे आकडे एकाखाली एक लिहून बघावेत. सत्तरीत तीन तासांच्या किंचित वर. बहात्तरीत तीन तासांच्या आत. त्र्याहत्तरीत आणखी सव्वाचार मिनिटं खाली. तीन वर्षांनी म्हातारा झालेला माणूस सुमारे साडेपाच मिनिटांनी वेगवान झाला होता.

कसा? उत्तर ओंटारिओतल्या मिल्टन गावच्या एव्हरग्रीन दफनभूमीत आहे. व्हिटलॉकांच्या घरापासून ती चालत जाण्याइतकी जवळ. आत झाडांमधून वळणं घेत जाणारी वाट, एक फेरी जेमतेम अर्धा किलोमीटर. तिथे ते फेऱ्या मारत. तासभर नव्हे, मोठ्या शर्यतीची तयारी असेल तेव्हा रोज तीन तास. फेऱ्या मोजत नसत, फक्त घड्याळ बघत. पावलं आखूड, जमिनीला घासून गेल्यासारखी, गती संथ. अंगात जुना बनियन, पायांत वर्षानुवर्षं वापरलेले बूट. प्रशिक्षक नाही, खास आहार नाही, छातीला ठोके मोजणारा पट्टा नाही. हीच जागा का, याचा त्यांचा हिशेब सरळ होता. गाड्यांचा त्रास नाही, समोरचा वारा फार वेळ झेलावा लागत नाही, कारण वाट लगेच वळते, आणि काही दुखलंच तर घर शेजारी आहे. थडग्यांमधून पळणारा म्हातारा ही प्रतिमा लेखकांना मोहात पाडते. व्हिटलॉकांना मात्र ती सोयीची जागा होती, एवढंच. रोजच्या सरावात आपल्याला काही खास आनंद मिळत नाही, हेही ते मोकळेपणाने सांगत. त्यांना शर्यत आवडे आणि विक्रम आवडत. तीन तासांच्या त्या फेऱ्या ही शर्यतीची किंमत होती आणि ती ते न कुरकुरता मोजत.

शरीर थकतं हे खरंच आहे. श्वासातला प्राणवायू स्नायूंनी वापरण्याची क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी कमी होत जाते. सराव चालू ठेवणाऱ्यांत ही घसरण बरीच मंदावते, पण थांबत नाही. ८१ व्या वर्षी मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हिटलॉकांची तपासणी केली तेव्हा ही क्षमता दर किलो वजनामागे मिनिटाला ५४ मिलिलिटर भरली. कॉलेजात हौसेने खेळणाऱ्या तरुणाला शोभेल असा हा आकडा. यात जन्मजात देणगीचा वाटा असणारच. पण तीच देणगी संसाराच्या वर्षांत पडून होती, तेव्हा ती कुणाला दिसली नाही.

पळणाऱ्यांच्या जगात 'पीबी' हा शब्द सारखा कानावर येतो. पीबी म्हणजे स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ. साठीनंतर तो शब्द बहुतेकांना टोचायला लागतो, कारण तरुणपणची वेळ परत येत नाही. म्हणून ज्येष्ठांच्या शर्यतीत दुसरी फुटपट्टी वापरतात. प्रत्येक वयाची सर्वोत्तम वेळ कोष्टकात मांडलेली असते आणि तुमची वेळ तिच्या किती जवळ गेली ते टक्क्यांत निघतं. चाळिशीत चार तास घेणारी बाई साठीतही सव्वाचार तासांत पोचत असेल, तर घड्याळ तिला संथ म्हणेल, पण कोष्टक ती सुधारली असंच सांगेल. आणि कोष्टकाचं म्हणणं अधिक न्यायाचं आहे. शिवाय वयोगट पाच-पाच वर्षांचे. सत्तरावा वाढदिवस चातकासारखी वाट बघून साजरा करणारी माणसं या खेळातच भेटतात, कारण त्या दिवशी ती नव्या गटात सगळ्यांत तरुण ठरतात!

अमेरिकेतल्या जीनी राइस यांनी तर कोष्टकाची गरजही ठेवली नाही. पळायला लागल्या पस्तिशीत. सत्तराव्या वर्षी, २०१८ मध्ये, शिकागोत ३ तास २७ मिनिटं ५० सेकंद. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये ३ तास २४ मिनिटं ४८ सेकंद. एक वर्ष वाढलं, तीन मिनिटं कमी झाली.

आता त्या पगडीवाल्या आजोबांकडे वळायला हवं. फौजासिंग, जालंधरजवळच्या बियास पिंडचे शेतकरी. लहानपणी पाय इतके अशक्त की पाच वर्षांचे होईतो चालता येत नव्हतं. म्हातारपणी बायको गेली, मग डोळ्यांदेखत मुलगा गेला. लंडनला दुसऱ्या मुलाकडे राहायला आल्यावर त्यांनी पळण्याला घट्ट धरलं. २००० साली, ८९ व्या वर्षी, लंडनची मॅरेथॉन त्यांनी ६ तास ५४ मिनिटांत पुरी केली. तीन वर्षांनी टोरांटोतली वेळ होती ५ तास ४० मिनिटं.

त्यांच्या वयावर शंका घेतली गेली. पारपत्रावर १ एप्रिल १९११ ही जन्मतारीख होती, पण त्या काळच्या खेड्यात जन्मदाखला कुठला? गिनीजने विक्रम नोंदवला नाही. ठीक आहे. जन्मसालाबद्दल हवं तितकं भांडावं, पण लंडन आणि टोरांटो यांच्यामधली तीन वर्षं कुणी नाकारू शकत नाही. तेवढ्या काळात त्यांनी सव्वा तास कमी केला. सुधारणा मोजायला जन्मदाखला लागत नाही, दोन शर्यतींच्या तारखा पुरतात.

१६ ऑक्टोबर २०११ रोजी हे दोघे टोरांटोच्या त्याच शर्यतीत पुन्हा उतरले. ऐंशी वर्षांचे व्हिटलॉक ३ तास १५ मिनिटं ५४ सेकंदांत आले. शंभरीचे फौजासिंग आले ते आठ तास उलटून गेल्यावर. त्यांचा वेग आता उतरला होता. तरी ते आले.

ऑक्टोबर २०१६ मध्ये, ८५ व्या वर्षी, व्हिटलॉकांनी टोरांटोतच चार तासांच्या आत मॅरेथॉन पळून दाखवली. त्या वयात हे आधी कुणालाच जमलं नव्हतं. पाच महिन्यांनी, १३ मार्च २०१७ ला, कर्करोगाने ते गेले. फौजासिंगांनी २०१३ मध्ये हाँगकाँगच्या दहा किलोमीटरनंतर शर्यती थांबवल्या, चालणं थांबवलं नाही. १४ जुलै २०२५ रोजी बियास पिंडजवळच्या रस्त्यावर एका गाडीने त्यांना धडक दिली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. त्या दिवशीही ते घराबाहेर पडले होते, ते चालायलाच.