चारकोपची अंगणे

कांदिवलीला पश्चिमेकडे उतरून चारकोपला गेलात, की मुख्य रस्ता सोडून आतल्या अंगणांत शिरा. चारकोप बघायचे तर तिथेच.

जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने इथे अल्प उत्पन्नवाल्यांना तयार घरे नव्हे, तर छोटे भूखंड दिले. सोबत पाणी, मलनिःसारण, रस्ते. घर ज्याचे त्याने बांधायचे. पंचवीस-चाळीस चौरस मीटरची जागा, पस्तीसेक घरांत मिळून एक अंगण आणि त्यांची सहकारी सोसायटी.

म्हणून इथली सजावट दुकानातून उचलून आणलेली वाटत नाही. पैसा हाती आला तसे घर वाढले. आधी कोबा, मग लादी, मग पोटमाळा. फुटक्या लाद्यांचे तुकडे जुळवून केलेली फरशी मला तरी महागड्या संगमरवराहून देखणी वाटते. जुन्या साडीचा पडदा, रंगाच्या रिकाम्या डब्यात मनीप्लांट. वर्ष सरले की कॅलेंडरची पाने मांडणीच्या फळ्यांवर अंथरायची. (गुळगुळीत कागदाचे असेल तर उत्तम, एका फडक्यात पुसले जाते.) हल्ली कानात पॉडकास्ट लावून ही कामे होतात, एवढाच फरक.

आता बैठ्या घरांवर मजले चढले आहेत. तळमजल्याला भरदुपारी दिवा लागतो. भिंतीला पांढरा रंग द्या, समोर आरसा टांगा, पण उजेड मुळात येतो तो अंगणातून. तिथे पत्रे ठोकले, दुचाक्या लावल्या, की आरशात दिसणार काय? पुनर्विकासाच्या बैठकीला जाल तेव्हा खोलीच्या चौरस फुटांबरोबर अंगणाचेही माप विचारा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या.