शिदोरीचं वजन

मराठी घरात प्रवासाची तयारी नकाशापासून सुरू होत नाही, ती स्वयंपाकघरात सुरू होते. लहान वयात शिदोरी आईच्या हातची असते: दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा आणि वर ‘बाहेरचं काही खायचं नाही’ ही ताकीद. विशीत तीच शिदोरी लाजिरवाणी वाटते. मग मिळेल ते, मिळेल तिथे खाणं हेच शौर्य ठरतं आणि पोट बिघडल्याचे किस्से पदकांसारखे मिरवले जातात. चाळिशीनंतर डब्याची जागा औषधांची पिशवी घेते. साठीनंतर परदेशातसुद्धा वरणभात मिळेल, अशी हमी देणाऱ्या सहल कंपनीचा शोध सुरू होतो. आयुष्याच्या या चारही टप्प्यांवर आपली वागणूक बदलते, पण मुळातला समज बदलत नाही. स्थानिक अन्न हा धोका आहे. तो टाळायचा, नाहीतर पत्करायचा, एवढाच काय तो प्रश्न. मला हा समजच चुकीचा वाटतो. प्रवास जितका खडतर, तितकं तिथलं अन्न हे प्रवासाच्या तयारीचा भाग असतं. कित्येकदा ते पाठीवरच्या सामानापेक्षा जास्त कामाचं ठरतं. हे तपासायला जबलपूरपेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

याचं कारण नर्मदा. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत ती १३१२ किलोमीटर वाहते आणि तिला उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठांनी केलेली पायी परिक्रमा अडीच हजार किलोमीटरच्या वर जाते. रूढ नियमानं तिला ३ वर्षं, ३ महिने आणि १३ दिवस लागतात. पात्र ओलांडायचं नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचं. जबलपूरचा ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट आणि भेडाघाट याच वाटेवर येतात. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’नं आणि पुढे जगन्नाथ कुंट्यांच्या ‘नर्मदे हर हर’नं ही वाट मराठी वाचकाच्या घरात आणून सोडली, म्हणून इथल्या घाटांवर हिंदीइतकी नसली तरी मराठी पुष्कळ ऐकू येते. साहस म्हणावं असं सगळं या वाटेवर आहे: जंगल, चढ, थंडी, एकांत, आणि शूलपाणीच्या झाडीत पूर्वी हमखास होणारी लूट. तरीही शतकानुशतकं लोक एक झोळी आणि एक कमंडलू एवढ्यावर निघत आले. ते जमलं, कारण त्यांचं सामान वाटेवरच्या गावांत होतं. सदावर्तात परिक्रमावासीला शिधा मिळे: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ. शिजवायचं मात्र ज्याचं त्यानं. आयतं ताट आणि घरून आणलेला डबा या दोन्हींहून ही रीत वेगळी आहे. धान्य तिथलं, चूल आपली.

त्या चुलीवर जबलपूर भागात काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. जाडसर गव्हाच्या पिठाचे घट्ट गोळे जरा दाबून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, हे गक्कड. त्याच आगीत वांगी, टोमॅटो, मिरच्या भाजून, सोलून, मीठ घालून कुस्करायचं, ते भरीत. फडक्यानं राख झटकायची, असेल तर तूप, नसेल तर तसंच. वैदर्भीय वाचकाला रोडगे आठवतील आणि मराठवाड्यातल्या वाचकाला पानगे. तवा लागत नाही, पोळपाट लागत नाही, तेल लागत नाही. आतलं पाणी बरंचसं उडालेलं असल्यानं उरलेलं गक्कड दुसऱ्या दिवशीच्या वाटेवरही चालतं. आज साहसी प्रवासाच्या दुकानात घडीची शेगडी, हलकी भांडी, कोरडं अन्न यांवर पैसे खर्च होतात, ते ज्या गरजांसाठी, त्या सगळ्या या गोळ्यानं भागवलेल्या आहेत. त्याच्याकडे चवीची वस्तू म्हणून पाहायला हरकत नाही, चव आहेच. पण चालणाऱ्या माणसाच्या गरजेतून घडलेली ही वस्तू आहे आणि तिचा खरा गुण तोच आहे.

मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ताटातलं धान्य पुढची वाट कशी आहे, ते सांगतं. अमरकंटकहून खाली दिंडोरी-मंडल्याकडे येताना कोदो-कुटकी भेटते. कोदोची पातळ पेज हे तिथलं रोजचं पोटभरीचं. ही धान्यं उथळ, मुरमाड, उताराच्या जमिनीवर येतात. ज्या गावात पेज मिळते, त्या गावापुढे चढउतार आणि दगड आहेत, असं समजावं. जबलपूर सोडून पश्चिमेला नरसिंहपूर, नर्मदापुरमकडे (पूर्वीचं होशंगाबाद) गेलं की गहू येतो, म्हणजे काळी माती येते. हिवाळ्यात ती वाट सुखाची, पण एक अवकाळी पाऊस पडला की भारी बुटांना किलोभर चिखल चिकटतो आणि अनवाणी गावकरी पुढे निघून जातो. निमाडात भाकरी ज्वारी-मक्याची होते. तिथे ऊन आणि पाणी यांचा हिशेब आधी करावा लागतो. बूट कोणते, पाणी किती, चालायला पहाटे किती वाजता निघायचं, ही तयारीतली मुख्य कलमं. त्यांची उत्तरं छापील मार्गदर्शकापेक्षा त्या गावच्या भाकरीत लवकर सापडतात. जो माणूस सगळीकडे स्वतःच्याच डब्यातले ठेपले खात जातो, त्याला हे कळायला मार्ग नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: परिक्रमा हे धर्मकृत्य, हौसेच्या प्रवाशाला त्याचं काय? त्याचं उत्तर जबलपूरच्याच अमृतलाल वेगडांनी दिलेलं आहे. १९२८ साली इथेच जन्मलेले, शांतिनिकेतनात शिकलेले, इथल्या कलानिकेतनात चित्रकला शिकवणारे वेगड १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पहिल्यांदा काठानं चालायला निघाले. सलग नव्हे, सुट्ट्या मिळतील तसे, तुकड्यातुकड्यानं. पुण्य हा त्यांचा हेतू नव्हता, हे ‘सौंदर्य की नदी नर्मदा’ या पुस्तकाच्या नावातच आहे. रेखाटनं करत चालणारा नोकरदार माणूस म्हणजे आजच्या व्याख्येनं हौशी प्रवासीच. पंचाहत्तरीच्या आसपास ते पुन्हा निघाले, तेव्हा पत्नी बरोबर होत्या. तीन वर्षं मोकळी नसली तरी नदीची रीत पाळता येते, आणि वय हा अडथळा असला तरी निर्णायक नाही, एवढं यावरून सिद्ध होतं. दोन दिवसांच्या प्रवाशालाही हे लागू आहे. त्यानं दोन दिवसांचा तुकडा घ्यावा.

दुसरा आक्षेप पोटाचा आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोट बिघडलं तर कान्ह्याच्या जंगलातली पहाटेची सफारीही गेली आणि घाटावरची चालही गेली. ‘स्थानिक ते सगळं निर्मळ’ असं म्हणणारे भोळे आहेत. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मेले. तपासणीत बुरशी लागलेल्या कोदोतलं सायक्लोपियाझोनिक आम्ल सापडलं. हेच ते कोदो, ज्याची पेज मी वर वाखाणली. पण इथेच माझा मुद्दा पक्का होतो. पिकताना पावसात सापडलेलं कोदो माणसाला झिंग आणतं, हे या भागातल्या शेतकऱ्याला प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. अशा कोदोला तो ‘मतौना’ म्हणतो आणि बाजूला काढतो. म्हणजे सुरक्षितता धान्यात नसते, ते हाताळणाऱ्याच्या ज्ञानात असते, आणि ते ज्ञान स्थानिकच असतं. म्हणून ‘हे इथलं आहे का’ एवढं विचारून भागत नाही. इथली माणसं हे या ऋतूत, या वेळेला खातात का, हे पाहावं लागतं.

जबलपूरची खोव्याची जिलबी घ्या. कमानिया गेट, म्हणजे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचं स्मारक, त्याच्या आसपासच्या जुन्या हलवायांकडे ती मिळते. खवा आणि तिखुर, म्हणजे आपल्या तवकीलासारखं सत्त्व, यांची असल्यानं उपासालाही चालते. रंगानं काळपट, पाकानं जड. बुऱ्हाणपूरवाले मावा जिलबीवर आपला हक्क सांगतात, तो वाद त्या दोन गावांनी मिटवावा. आपल्या कामाची गोष्ट अशी की ती कढईतून निघताना खायची. दुपारी बांधून घेऊन दुसऱ्या दिवशी जंगलात खायची वस्तू ती नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही हेच सांगतो: शिजलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम असावं, नाहीतर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हा निकष लावला तर निखाऱ्यातलं गक्कड आणि कढईतली जिलबी पास होतात. सकाळी भरलेला आणि दुपारी उन्हातल्या गाडीत उघडलेला घरचा डबा नापास होतो. घरचं म्हणून सुरक्षित, हे समीकरण आपण कधी तपासतच नाही. तरी पोट बिघडलंच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, हा उपाय कुठल्याही गावात मिळतो. मोहाच्या दारूचं धाडस करणाऱ्यांना एवढंच सांगतो की दुसऱ्या दिवशी चालायचं असेल तर ती तयारीत बसत नाही. मधुमेह, रक्तदाब, पथ्यपाणी असणाऱ्यांनी आपली औषधं न्यावीत, त्यावर वाद नाही. मी कमी करायला सांगतो आहे ती भीती, औषधं नव्हेत.

अन्नाबरोबर येणारी दुसरी गोष्ट म्हणजे माहिती. चहाच्या टपरीवर किंवा शिधा घेताना होणाऱ्या बोलण्यात जे कळतं, ते न कळण्याची किंमत भेडाघाटला एकानं मोजलेली आहे. तिथल्या संगमरवरी कड्यांवर आग्या मोहोळं असतात. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या मोजणीसाठी आलेल्या एका इंग्रज अभियंत्यावर त्या माश्या तुटून पडल्या. वाचण्यासाठी त्यानं पाण्यात उडी घेतली आणि तो बुडाला. कोणत्या दिवसांत कड्याखाली जाऊ नये, धूर का करू नये, हे तिथल्या नावाड्याला विचारलं की तो सांगतो. बरगी धरणानं जुन्या परिक्रमेच्या वाटेचा मोठा भाग पाण्याखाली घेतला, तेव्हापासून जुनी पुस्तकं त्या टप्प्यात उपयोगी पडत नाहीत. वळसा कुठून, हे शेवटच्या गावातला दुकानदारच सांगतो. त्याच्याकडून पीठ विकत घेतलं की तो जास्त सांगतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

विकत घेतलं, हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण सगळ्यात अवघड आक्षेप तिथे आहे. ज्या गावांत स्वतःला पुरेसं नाही, तिथल्या लोकांचं अन्न शहरातल्या सुस्थित माणसानं ‘अनुभव’ म्हणून खावं का? मराठी पुस्तकं वाचून निघालेल्यांची संख्या वाढली, आता तर गाड्या करून परिक्रमा होतात आणि आश्रमांवर ताण येतो. आक्षेप खरा आहे आणि परंपरेचा आधार घेऊन तो उडवता येणार नाही. सदावर्ताची रीत व्रतस्थ, निष्कांचन माणसासाठी होती. ज्याच्या खिशात परतीचं तिकीट आहे तो तिचा हक्कदार नाही. पण त्यासाठी घरून महिन्याचा फराळ लादून न्यावा, हेही उत्तर नव्हे. तसं केलं तर त्या गावाला काहीच मिळत नाही, फक्त प्लास्टिकच्या पिशव्या उरतात. हौसेच्या प्रवाशानं पीठ, डाळ, कोदो, भाजी त्या त्या गावच्या दुकानातून आणि शेतकऱ्याकडून, भावात घासाघीस न करता, विकत घ्यावी. रांधणाऱ्या बाईला रांधण्याचे पैसे वेगळे द्यावेत. आणि आश्रमात कुणी आग्रहानं ताट वाढलंच, तर जेवून निघताना त्या ताटाच्या किमतीहून जास्त शिधा तिथल्या कोठारात ठेवावा.